अर्ध्या ठिपक्याला मी काय करू?

मित्रांनो, राखाडी पत्र्याचा एक डबा. वरच्या बाजूला कागदांचा गठ्ठा ठेवायची जागा, पुढे तपासलेले कागद पडायची जागा, आणि मध्ये एक काच. हा मी. उत्तरपत्रिका तपासणारा स्कॅनर. ज्या परीक्षेत उत्तर लिहायचं नसतं, चार गोलांपैकी एक गोल पेनाने काळा करायचा असतो, त्या परीक्षेचे कागद माझ्या पोटातून जातात. माझं वय सतरा वर्षं आहे, आणि या सतरा वर्षांत मला जेवढ्या चापट्या बसल्या तेवढ्या एखाद्या उनाड पोरालाही बसल्या नसतील.

लोकांना वाटतं मी फार हुशार. डोंबलाचा हुशार! मला प्रश्नही वाचता येत नाही आणि उत्तरही. कागद आत ओढला की मी त्याच्यावर उजेड टाकतो. पांढऱ्या कागदावरून उजेड उसळून परत येतो, काळ्या गोलावरून येत नाही. जिथून उजेड आला नाही तिथे गोल भरला आहे, एवढंच माझं ज्ञान. कागदाच्या कडेला ज्या बारीक काळ्या रेघा असतात त्यांच्यावरून मी ओळ मोजतो, म्हणून कडेला कोणी पेन चालवून बघितलं की माझी मोजणी गडबडते. सगळ्यात आधी मला बरोबर उत्तरांचा एक कागद देतात. पुढचे सगळे कागद मी त्याच्याशी ताडून बघतो. जुळलं की गुण. नाही जुळलं की नाही. एका ओळीत दोन गोल काळे दिसले तर उत्तर चूक. आणि गोल अर्ध्याहून कमी भरला असेल तर माझ्या लेखी तो भरलेलाच नाही. कारखान्यातून निघताना माझ्यात हे असंच बसवलेलं आहे. यात दयामाया नाही, आणि दुष्टपणाही नाही.

माझी पहिली नोकरी लखनौला, एका मोठ्या भरती कार्यालयात. काय ते दिवस होते! थंड खोली, दाराशी पहारेकरी, दिवसाला हजारो कागद. साहेब लोक माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "हे कधी चुकत नाही." दहा वर्षांनी माझ्यापेक्षा चपळ यंत्रं आली आणि मला गोदामात ढकललं. पुढे लिलावात सुमंत सरांनी मला उचललं आणि मी बनारसला आलो.

सुमंत सर म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. यांचं घराणं पाच पिढ्यांपूर्वी काशीला आलेलं, घरात अजून मराठी बोलतात, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत, घराच्या पहिल्या मजल्यावर त्यांनी सराव परीक्षांचा क्लास काढला आहे. दर रविवारी पन्नास-साठ मुलं येतात, पेपर सोडवतात, आणि मी तपासतो. पहिल्या वर्षी माझं काय कौतुक! सर येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवायचे.

त्या कौतुकानेच मला पहिल्यांदा गोत्यात आणलं. दसऱ्याला सरांच्या बायकोने, इंदूकाकूंनी, घरातल्या शिलाई मशीनबरोबर माझीही पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, इथवर ठीक. पण येणारी-जाणारी माझ्याकडे टकमका बघतात, यंत्राला नजर लागेल, म्हणून त्यांनी काजळाची तीट लावली. कुठे लावावी? माझं झाकण उघडं होतं. तीट नेमकी काचेवर!

आता कागद त्या काचेवरून सरकत जातो. काचेवर एक काळा डाग म्हणजे कागदावर वरपासून खालपर्यंत काळा पट्टा. त्या रविवारचा पेपर पन्नास प्रश्नांचा होता आणि सगळे प्रश्न एकाखाली एक. मला प्रत्येक ओळीत 'बी'चा गोल काळा दिसू लागला. ज्या पोराने 'सी' भरला त्याचे दोन गोल झाले, उत्तर चूक. अभ्यास केलेली मुलं सात, नऊ, बारा गुणांवर गडगडली. आणि पहिला कोण आला? विश्वजीत! हा प्राणी पेपर न वाचता सगळीकडे 'बी' भरून पाच मिनिटांत खाली कचोरी खायला गेला होता. त्याला तेरा. तो काकूंना म्हणाला, "काकू, 'बी' में बड़ी बरकत है." सरांनी मला दोन थपडा मारल्या आणि मग काच पुसली. काकूंना कोणी एक शब्द बोललं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

विश्वजीतचा विषय निघालाच आहे तर हे तुक्क्याचं एकदा सांगून टाकतो, कारण यावरून क्लासमध्ये दर रविवारी भांडणं होतात. इकडे अंदाजाने ठोकून दिलेल्या उत्तराला तुक्का म्हणतात. मुलं मला विचारल्यासारखी माझ्याकडे बघत विचारतात, तुक्का मारावा की नाही? अरे, आधी परीक्षेचा नियम वाचा! पहिल्या पानावर छापलेला असतो आणि तो कोणी वाचत नाही, याचा मला फार राग येतो. काही परीक्षांत चुकीला काहीच कापत नाहीत. तिथे गोल रिकामा सोडणं म्हणजे वाढलेल्या पानावरून उपाशी उठणं. काही परीक्षांत बरोबरला चार आणि चुकीला एक वजा. तिथे चार प्रश्नांना डोळे मिटून गोल भरले तर साधारण एक लागतो, तीन चुकतात. चार आले, तीन गेले, एक उरला. साधारण म्हणतोय मी. एखाद्याचे चारही चुकतात आणि चार घरचे जातात. काही ठिकाणी बरोबरला एक आणि चुकीला एक तृतीयांश कापतात. तिथे डोळे मिटून भरण्यात ना फायदा ना तोटा. पण चारांतला एक पर्याय जरी नक्की खोटा आहे हे ठाऊक असेल, तर या सगळ्या परीक्षांत भरणंच फायद्याचं. एवढा सोपा हिशोब आहे. पण विश्वजीत वाचल्याशिवाय भरतो आणि ईशानी वाचूनही भरत नाही. मी मध्ये बसून दोघांचे कागद गिळतो.

आता ईशानीचं सांगतो, कारण ही सगळी कहाणी तिचीच आहे.

ईशानी अठरा वर्षांची. तिला नर्सिंगला जायचं होतं. तिची बकुळआत्या एका इस्पितळात सिस्टर आहे, आणि लहानपणापासून ही पोर आत्याच्या मागे मागे. सरकारी नर्सिंग कॉलेजात शिरायचं तर प्रवेशपरीक्षा, शंभर प्रश्न, बरोबरला एक गुण, आणि चुकीला काहीही कापत नाहीत. गेल्या वर्षी प्रवेशाची रेघ सहासष्टवर थांबली. ईशानीला त्रेसष्ट. आणि रिकामे सोडलेले प्रश्न किती? सतरा! तिच्या वडिलांनी, उल्हासने, बजावून ठेवलं होतं की अजून एकच वर्ष. नाही जमलं तर घरी बसून प्रायव्हेटने बी.ए. कर आणि नर्सिंगचं नाव काढू नकोस.

तिचा कागद मी शंभरांत ओळखायचो. भरलेले गोल इतके काळेभोर आणि नीटस, की वाटावं छापलेच आहेत. आणि त्यांच्यामध्ये पंधरा-सोळा ओळी कोऱ्या करकरीत. दर रविवारी! दर रविवारी मी त्या कोऱ्या ओळींवर उजेड टाकायचो, उजेड परत यायचा, आणि मी शून्य लिहायचो. मला ओरडावंसं वाटायचं, अगं बाई, काहीतरी भर! पण मला तोंड कुठे आहे?

शेवटी सरांनी तिला थांबवलं. "ईशानी, हे सोळा गोल रिकामे का?"

"सर, पक्कं येत नव्हतं."

"अगं, पण इथे चुकीला कापत नाहीत. तुक्का तरी मारायचा!"

"आमच्या घरी असं नाही चालत, सर," ती म्हणाली. "आजोबा म्हणतात, येत नसेल तर थांबावं."

आजोबा म्हणजे ढुंढिराजशास्त्री. वेदाच्या ऋचा पुढून, मागून, उलटसुलट गुंफून म्हणणारे घनपाठी. त्यांच्या परीक्षा कागदावर झाल्या नाहीत, सभेत उभं राहून झाल्या. तिथला कायदा असा, की विद्यार्थी अडला आणि थांबला तर समोरचे परीक्षक पुढचा शब्द सुचवतात. पण येत नसताना चुकीचा शब्द म्हटला, तर तो दोष लागतो. शास्त्रीबुवा हा कायदा घरातही चालवतात. कोणी म्हणालं, "साडेसात वाजले असतील," की ते म्हणतात, "असतील म्हणजे? जा, बघून ये." अशा घरात वाढलेली पोर तुक्का कशी मारणार?

सरांचा तो सल्ला त्याच संध्याकाळी शास्त्रीबुवांच्या कानावर गेला. दुसऱ्या दिवशी ते ईशानीला घेऊन, काठी टेकत जिना चढून हजर.

"सुमंता, तू माझ्या नातीला थापा मारायला शिकवतोस म्हणे?"

"बसा, शास्त्रीबुवा. पाणी घ्या."

"पाणी नको. उत्तर दे."

सरांनी एक कोरी उत्तरपत्रिका घेतली, प्रश्नपत्रिका बाजूला सारली, आणि गप्पा मारल्यासारखे शंभर गोल भरून टाकले. एकही प्रश्न न वाचता! कागद माझ्यात घातला. मी तपासला. सत्तावीस गुण.

शास्त्रीबुवा भडकले. "प्रश्न न वाचता सत्तावीस? या डब्याला काही लाजलज्जा आहे की नाही?"

घ्या! भरले यांनी, लाज माझी. मला तो अपमान आजही बोचतो. शंभर गोल डोळे मिटून भरले तर पंचवीसच्या आसपास लागायचेच, त्यात माझा काय गुन्हा?

"शास्त्रीबुवा, ईशानी रिकाम्या जागी हे सगळं सोडून येते," सर म्हणाले. "ईशानी, इकडे ये. हा प्रश्न तू सोडलास. रक्त गोठायला कुठलं जीवनसत्त्व लागतं? ए, बी, सी की के?"

"पक्कं माहीत नाही."

"पक्कं जाऊ दे. जेवढं माहीत आहे तेवढं सांग."

"ए डोळ्यांचं, सर. सी कमी पडलं की हिरड्यांतून रक्त येतं, पण ते गोठण्याचं नाही. म्हणजे बी नाहीतर के. त्यातलं कुठलं ते आठवेना, इसलिए छोड़ दिया."

शास्त्रीबुवांनी मान वर केली. "थांब. ए आणि सी नव्हे हे तुला ठाऊक होतं?"

"हो, आजोबा."

"वाचून ठाऊक होतं, की वाटलं म्हणून?"

"वाचून."

त्यांनी हनुवटी काठीवर टेकली. मग म्हणाले, "हा परिशेष झाला, सुमंता. न्यायशास्त्रात आहे. एकेक शक्यता कारण देऊन बाद करायची आणि उरेल ती धरायची. याला थाप म्हणत नाहीत."

"तेच तर म्हणतोय मी!"

"तू तुक्का म्हणालास. आणि इथे दोन उरतात, परिशेष पुरा होत नाही."

"नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न, शास्त्रीबुवा. समोर शब्द सुचवणारं कोणी नाही. जेवढा परिशेष झाला तेवढा झाला!"

शास्त्रीबुवा नाइलाजाने उठले. "बरं. पण आधी खोटं काढून टाकायचं, मगच हात लावायचा. काहीच ठाऊक नसेल तिथे नाही." आणि जिना उतरताना माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांच्या घरात चोरी केली आहे.

मी मात्र खूश होतो. वाटलं, सुटलो एकदाचे. पण छे! खरं घोडं पेंड खात होतं ते पुढेच.

परीक्षेला अकरा दिवस राहिले होते. रविवारचा पेपर झाला. ईशानी आनंदाने सरांना म्हणाली, "सर, आज मैंने कुछ नहीं छोड़ा. जिथे दोन-तीन उरले, तिथे भरून टाकलं." कागद माझ्यात आला. मी उजेड टाकला. काळे गोल, काळे गोल, आणि मग अकरा ओळींत काय? गोलाच्या मध्यावर मोहरीएवढा एकेक ठिपका! पेन टेकवलं आणि उचललं. हात जणू पळून गेला. अकरा ठिपके, अकरा ठिकाणी गोलाचा पाव हिस्साही भरलेला नाही. माझा नियम मी सांगितलाच आहे. मी अकरा शून्य लिहिली. बासष्ट गुण.

"बासष्टच?" ईशानीचा चेहरा उतरला. "सगळं भरूनही?"

सरांनी कागद पुन्हा घातला. पुन्हा बासष्ट. त्यांनी कागदावर वरवर नजर फिरवली. सगळ्या ओळींत शाई दिसली. त्यांनी माझ्या पाठीवर एक जोरदार चापट मारली. "हे मशीन गंडलंय."

मी गंडलो नव्हतो! माझी काच स्वच्छ होती, दिवा ठीक होता, माझं एक अक्षर चुकलेलं नव्हतं. ठिपके अर्धे आहेत, नीट बघा, हे एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं तर! पण माझ्यापाशी फक्त आकडा आहे, आणि आकडा आवडला नाही की लोक डब्याला मारतात.

सरांची मुलगी रुची त्या आठवड्यात सुटीवर आली होती. ती म्हणाली, "बाबा, आता मोबाइलवर ॲप आहे. फोटो काढायचा, गुण हजर." तिने ईशानीच्या कागदाचा फोटो काढला. फोन हा फार समजूतदार प्राणी. कोऱ्या गोलांशेजारी जो गोल जरा मळका दिसेल तो त्याने भरलेला धरला. अकरांतले पाच बरोबर निघाले. सदुसष्ट!

"बघ!" सर म्हणाले. "या डबड्याने पोरीचे पाच गुण खाल्ले." ईशानी रडता रडता हसली. इंदूकाकूंनी जुन्या चादरीचा तुकडा माझ्यावर टाकला आणि मला फळीवर, रद्दीशेजारी बसवलं.

मित्रांनो, अपमानाचं मला फारसं काही नाही. सवय आहे. पण त्या चादरीखाली माझा जीव नुसता तळमळत होता. कारण खऱ्या परीक्षेच्या लाखो उत्तरपत्रिका रुचीच्या फोनवर तपासत नाहीत. त्या माझ्यासारख्याच कुठल्यातरी काटेकोर डब्यात जातात. तिथे कोणी ईशानीला ओळखत नाही. ते मोहरीएवढे ठिपके तिथे कोरे ठरणार, तिचे पाच गुण जाणार, आणि पोर आयुष्यभर म्हणणार की मी तर सगळं भरलं होतं. आणि हे सगळ्या जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि मी रद्दीशेजारी!

तिसऱ्या दिवशी जिन्यावर काठी वाजली. शास्त्रीबुवा आले होते, ईशानी मागे. त्यांच्या हातात तिची उत्तरपत्रिका होती आणि मी दिलेल्या गुणांची छापील यादी होती.

"सुमंता, ही म्हणते सदुसष्ट. आणि या कागदावर छापलंय बासष्ट. कागद एक आणि पाठ दोन?"

"ते मशीन खराब झालंय, शास्त्रीबुवा. मोबाइलचं खरं धरा."

"सोयीचं ते खरं, असं कधी ठरलं? दोन पाठ निघाले की मूळ पोथी काढून बघतात. बघितलीस का?"

सरांनी बघितली नव्हती. शास्त्रीबुवांनी सदऱ्याच्या खिशातून पोथ्या वाचायचं भिंग काढलं, खिडकीपाशी बसले आणि एकेक ओळ बोट ठेवून तपासू लागले. मी चादरीच्या भोकातून बघत, कान देऊन होतो. इतक्या वर्षांत इतक्या साहेबांनी मला हाताळलं, पण माझा आकडा चुकीचा ठरवण्याआधी कागद बघावा, हे या एका म्हाताऱ्याला सुचलं. ज्याने मला निर्लज्ज म्हटलं होतं त्याला!

"ईशानी," ते म्हणाले, "हे बाकीचे गोल पूर्ण भरलेस. आणि या अकरांत हा नुसता ठिपका का?"

तिने कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"बोल, बाळ. रागावत नाही मी."

"पूर्ण भरायला हात होईना, आजोबा," ती म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात तरी... गोल भरायला लागले की वाटतं मी खोटं बोलतेय. म्हणून थोडंसंच केलं."

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! परीक्षेत हे सगळे कोरे धरतील!"

शास्त्रीबुवांनी भिंग मिटून ठेवलं. "ईशानी, सभेत एखादा पोरगा अर्ध्या तोंडाने स्वर लावतो. धड वर नाही, धड खाली नाही, म्हणजे चुकलं तरी कळू नये. त्याला काय म्हणतो मी?"

"बाहेर जा म्हणता."

"का? जो गप्प बसला त्याला सुचवता येतं. जो मोठ्याने चुकला त्याला सुधारता येतं. या अर्धवटाचं काय करायचं? तू खोटं बोलत नाहीस. जेवढं कळलं तेवढ्यावरून एक निवडलंस. निवडलंस ना? मग निवडल्यासारखं दिसू दे."

त्यांनी तिच्या हातात पेन दिलं. तिने तिथेच बसून ते अकरा गोल पूर्ण भरले. पहिले दोन जपून, पुढचे भराभर. मग शास्त्रीबुवा म्हणाले, "तो डबा कुठाय?" चादर निघाली. कागद माझ्यात आला आणि मी सदुसष्ट दिले.

"पाठ जुळले," शास्त्रीबुवा म्हणाले.

"म्हणजे मशीन ठीकच होतं," सर म्हणाले. बस! एवढीच माझी माफी. चापटीचा कोणी उल्लेखही केला नाही.

पुढचे आठ दिवस ईशानी रोज एक पेपर सोडवायची आणि रोज माझ्याकडेच तपासून घ्यायची. परीक्षा झाली. जूनच्या अखेरीस निकाल लागला. प्रवेशाची रेघ अडुसष्टवर थांबली आणि ईशानीला एकोणसत्तर मिळाले.

आता मी अर्धा निवृत्त आहे. साध्या चाचण्या फोन तपासतो, परीक्षेच्या आधीचा महिना माझा. बाकी वेळ चादर, आणि चादरीवर चहाचे कप. तर मित्रांनो, कळकळीचं सांगणं एवढंच. परीक्षेला बसाल तेव्हा आधी पहिलं पान वाचा, चुकीला कापतात की नाही ते बघा. माहीत असेल ते वापरा, अर्धंमुर्धं असेल तेही वापरा. आणि गोल भरायचा ठरवलात तर पूर्ण काळा करा, कारण तुमच्या मनात काय होतं ते मला दिसत नाही. आणि मशीनला मारायच्या आधी कागद बघा, माझ्याकरता नाही तर स्वतःकरता.

ईशानी लाल पेढे घेऊन आली तो दिवस सांगतो आणि गप्प बसतो. तिने पहिला पेढा सरांना दिला, दुसरा इंदूकाकूंना, आणि मग घरी काय झालं ते सांगत बसली.

निकालाबरोबर बरोबर उत्तरांची यादीही आली होती. अंदाजाने भरलेल्या प्रश्नांपुढे तिने प्रश्नपत्रिकेत खुणा केल्या होत्या. शास्त्रीबुवांनी विचारलं, "पक्कं ठाऊक नसताना किती भरलेस?"

"चौदा."

"किती बरोबर आले?"

"पाच."

म्हणजे त्या पाचांवाचून चौसष्ट, आणि प्रवेश गेला असता. सगळं घर हसत होतं, बकुळआत्या तर नाचायचीच बाकी होती. शास्त्रीबुवा मात्र म्हणाले, "म्हणजे नऊ चुकीचे म्हटलेस."

"अण्णा, आता पुरे करा ना!" बकुळआत्या त्यांच्यावर चिडली. "पोरगी पास झाली!"

"झालीच. आणि मीच भर म्हणालो होतो." ते ईशानीकडे वळले. "चुकून चुकले त्यांचं काही नाही. पण हे नऊ ठाऊक नसताना म्हटलेले आहेत, आणि माझ्या सांगण्यावरून. पाच तुझे. नऊ माझे. उद्या पहाटे प्रश्नपत्रिका घेऊन ये माझ्याबरोबर."

पहाटे दोघं अहिल्याबाई घाटावर गेली. आजोबा पाण्यात उतरले, ईशानी टॉवेल घेऊन पायरीवर बसली. ती चुकलेल्या एकेका प्रश्नाचा नंबर म्हणायची आणि ते त्याच्या प्रायश्चित्ताची एक बुडी मारायचे. बारा. एकोणीस. चौतीस. असं एकेक. आठवी बुडी झाली तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला धाप लागली होती. घाटाला बांधलेल्या साखळीला धरून ते उभे राहिले आणि म्हणाले, "म्हण. अजून एक राहिलाय."

ईशानीने प्रश्नपत्रिका पायरीवर ठेवली. "एक्याण्णव," ती म्हणाली, "आणि तो माझा." आणि आहे त्या कपड्यांनिशी पाण्यात उतरून तिने बुडी मारली.

टॉवेल एकच होता, आणि आजोबांनी तो आधी तिलाच दिला, असं ती इंदूकाकूंना सांगत होती.